नदी आणायला गेलेल्या सावनीची गाणी

भोपाळ,
१८ डिसेंबर १९५६

प्रिय वसू,

पोहोचल्याचं कार्ड मिळालं असेल. त्यावर काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही, कारण त्या आठवड्यात मी कुठे होते हेच मला कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळत नाही. नागपूरहून सचिवालय उचलून इथे आणलं, त्याबरोबर आम्हीही आलो. हे टी. टी. नगर म्हणजे एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा. परवा हे ऑफिसातून आले ते थेट दुसऱ्याच घरात शिरले, बूट काढले, खाटेवर बसले आणि डोळे मिटून चहा मागितला. त्या घरच्या बाईंनी मुकाट्याने चहा करून दिला आणि ह्यांचा पिऊन झाल्यावर विचारलं, "आप कौन?" आता त्या बाईंशी माझी चांगली ओळख आहे. आमची कांचन त्यांच्या शकीलाबरोबर खेळते आणि माझ्याशी अर्धं हिंदी बोलते.

तुला आपली सावनी आठवते ना? शाळेत मधल्या सुट्टीत आपण रचायचो ती. जादूगार रातोरात आख्खं नगर उचलतो आणि डोंगरावर नेऊन ठेवतो. घरं येतात, माणसं येतात, गुरंढोरं येतात. नदी मात्र मागे राहते. आणि नावाड्याची मुलगी सावनी नदीला आणायला निघते. तेव्हा ती आपल्याला नुसती गंमत वाटायची. परवा कांचन म्हणाली, "आई, आपली नदी कुठेय?" तिला उत्तर देता देता मी ती गोष्ट सांगू लागले, आणि रात्री लिहायला बसले. दोन प्रकरणं झालीत.

आता अडले आहे. खडकाचं दार गाण्याशिवाय उघडत नाही, असं आपणच ठरवलं होतं. मी गद्यात उघडून पाहिलं. सावनीने विनंती केली, रडली, हुशारीने बोलली. दार उघडतं, पण ते मी उघडलेलं असतं. तेव्हा गोष्ट माझी आणि गाणी तुझी, ही जुनी वाटणी पुन्हा चालू करू या. दाराचं गाणं पाठव.

नीळकंठरावांना नमस्कार.

तुझी लीला

*

नागपूर,
६ जानेवारी १९५७

प्रिय लीले,

गोपीनाथरावांची चहाची हकिकत ह्यांना वाचून दाखवली. हे पुष्कळ हसले आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते मला समजलं नाही. हल्ली हे फार पुटपुटतात. ह्यांचंच कशाला, सगळं नागपूर हळू बोलायला लागलंय. तुम्ही सगळे गेलात म्हणून की काय कोण जाणे, गाव कसं गप्प झालंय. राजधानी गेली की गावाचा आवाजही जातो का गं?

शाळा ठीक चालली आहे. मुली गाणं शिकताना मधेच एकमेकींकडे बघून हसतात. परीक्षा आली की हसू जाईल.

हे घे दाराचं गाणं:

खडका रे खडका, तुझ्या पोटात काय?
मुळ्यांनी बांधलेली अंधाराची गाय.
अंधाराच्या गायीला पाणी पाजील कोण?
नदीकडे निघालेल्या पोरी आम्ही दोन.

चाल बैठकीची नको, भोंडल्याच्या अंगाने जाऊ दे.

तुझी वसू

*

भोपाळ,
२ फेब्रुवारी १९५७

प्रिय वसू,

गाणं वाचलं आणि दार आपोआप उघडलं. मला काही करावं लागलं नाही. कांचनने चाल लावली आणि आता सकाळी नळावर रांगेत उभ्या असलेल्या साऱ्या पोरी "अंधाराची गाय" म्हणतात. शकीलाला मराठी येत नाही, तिचाच आवाज सर्वांत वर असतो.

पण माझा गोंधळ झाला आहे. सावनी एकटी निघालेली आहे. मग "पोरी आम्ही दोन" कशा? मी मागचं प्रकरण उलटसुलट वाचलं, दुसरी पोर कुठे नाही. चुकून आली का? की यमकासाठी?

एक बातमी. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाचे संपादक अच्युतराव म्हणून आहेत, त्यांना मी पहिली प्रकरणं पाठवली होती. दर महिन्याला थोडं थोडं छापू म्हणतात. अट एकच, गाणी काढा. त्यांचं म्हणणं, मुलं गाणी ओलांडून गोष्टीकडे धावतात. मी त्यांना लिहिलं की डोंगरावर असं एक नगर आहे हे मी गद्यात सांगते, तेव्हा ते माझ्या शब्दावर उभं असतं. तिथली माणसं गायला लागली की मी नसले तरी ते उभं राहतं. ज्या देशाला स्वतःची गाणी नाहीत तो देश कुणीतरी बसून रचलेला वाटतो. हे लिहिलं खरं, पण ते बरोबर आहे का, ते तू सांग. मी नुसती भांडले असेन.

पुढचं गाणं पाखराचं. धुक्याचं रान आहे, हाताला हात दिसत नाही, आणि पाखराच्या हाकेच्या दिशेने सावनीला जायचं आहे. तेव्हा गाण्यात आवाज हवा. भरपूर आवाज.

तुझी लीला

*

नागपूर,
१५ मार्च १९५७

प्रिय लीले,

उशीर झाला. शाळेत थोडी ओढाताण आहे. मोठ्या बाईंनी गाण्याचे निम्मे तास काढून मला शिवणाचे दिले. कारण विचारलं तर त्या बराच वेळ बोलल्या आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात का ठेवला ते मला कळलं नाही. मी "बरं" म्हणाले.

घरातही विनोदच चालले आहेत. हे "बदली" म्हणाले आणि मी बाजारातून बदाम घेऊन आले. तोंडात पान ठेवून बोलणाऱ्या माणसाशी संसार म्हणजे असंच.

तुझ्या अच्युतरावांना काय सांगायचं ते मला येत नाही. दुसरी पोर कोण तेही मला ठाऊक नाही. गाण्यात ती आली. गाण्यात येणाऱ्यांना "तू कोण" असं विचारता येत नाही. तू गद्यवाली, तू विचार.

पाखराचं गाणं:

पाखराने चोच उघडली, चोचीत लाल फूल,
फूल मिटले, चोच मिटली, कुणा न लागे चाहूल.
पुन्हा उघडले, पुन्हा मिटले, झाड राहिले उभे,
पाखरा रे, काय सांगशी? धुक्याने भरली नभे.

वसू

*

भोपाळ,
३० मार्च १९५७

प्रिय वसू,

रागावू नकोस, पण मी पाठवलेलं तू वाचतेस ना? मी आवाज मागितला, आणि तुझं पाखरू तोंड उघडतं आणि मिटतं. हाकच नाही तर सावनी जाणार कुठे? शिवाय धुक्यात हाताला हात दिसत नाही असं मी लिहिलंय, मग चोचीतलं लाल फूल कुणाला दिसलं? ओळी सुंदर आहेत. मी त्या कितीदा तरी म्हटल्या. पण सुंदर असून त्या माझ्या गोष्टीत कुठे बसत नाहीत आणि गोष्टीबाहेर कुठे ठेवायच्या ते कळत नाही. तू कोणती गोष्ट लिहिते आहेस?

ते असो. इथल्या मराठी मंडळींनी गणपतीत मुलांचा कार्यक्रम करायचं ठरवलंय आणि आपली सावनीच रंगमंचावर आणायची असं माझ्या गळ्यात पडलंय. तू मेच्या सुट्टीत इकडे ये. पेटी घेऊन ये. मुलींना चाली शिकव, आपण तलावावर फिरू, दोघी बसून शेवटचं नदीचं गाणं करू. नाही म्हणू नकोस. मी स्टेशनवर येईन.

तुझी लीला

*

नागपूर,
२० एप्रिल १९५७

प्रिय लीलास,

पत्र पोहोचलं. मेमध्ये जमेलसं दिसत नाही. चाली कांचन छान लावते असं तूच लिहिलं होतंस, तिच्याकडून करवून घे. पेटी मी विकली. जागा अडत होती.

नदीचं गाणं तूच लिही. मला ते येत नाही.

गोपीनाथरावांना नमस्कार, कांचनला आशीर्वाद.

वसुधा

*

भोपाळ,
९ जून १९५७

वसुधास,

"जमेलसं दिसत नाही" म्हणजे नाही, हे कळायला मला महिना लागला. मेमध्ये नागपूरची गाडी यायच्या वेळी कांचनला घेऊन मी स्टेशनवर जात होते. हे म्हणाले, "अगं, त्यांनी नाही कळवलंय." मी म्हटलं, वसूचं नाही असं नसतं.

आता कळलं ते सांगते. आपल्या वर्गातली कमलिनी परवा नागपूरहून आली. तिने तुला सीताबर्डीवर पाहिलं. मागून हाका मारल्या, अगदी जवळ येऊन मारल्या, तू वळून पाहिलं नाहीस. सरळ चालत गेलीस. कमलिनी म्हणते, "जे तिकडे गेले त्यांच्याशी तिला संबंध ठेवायचा नसेल." नोकरी कोणत्या राज्यात हवी ते विचारणारा कागद आमच्यापुढे ठेवला तेव्हा ह्यांनी मध्य प्रदेश लिहिला, मुंबई राज्य नाही, हे तुला आवडलं नव्हतं ते मला ठाऊक आहे. पण ह्यांची नोकरी, बढती, घरची माणसं, सगळा विचार करून लिहिलं होतं. तेवढ्यावरून आम्ही परके झालो?

गाणी मी काढून टाकली. अच्युतरावांना हवी तशी कोरडी गोष्ट त्यांच्याकडे रवाना केली. तुझ्या दुसऱ्या पोरीलाही काढून टाकलं. सावनी आता एकटीच आहे.

लीलावती

*

नागपूर,
१६ जून १९५७

प्रिय लीले,

कमलिनीच्या हाका मी ऐकल्या नाहीत. मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी अजून कुणालाही म्हटलेलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही, किंवा बोलत असतील. दोन वर्षांपूर्वी उजवा कान गेला, तेव्हा मी डाव्याने भागवलं. तुम्ही निघालात त्या दिवशी स्टेशनवर तू खिडकीतून काहीतरी ओरडून सांगत होतीस आणि मी मान हलवत होते. काय सांगत होतीस? मी अजून त्याचाच विचार करते.

डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. मला आधी खरंच वाटायचं की लोक हळू बोलतात. मुली हसायच्या कारण मी पेटीवर एक स्वर धरून दुसराच गात होते. मोठ्या बाईंनी मला काढलं नाही, शिवण दिलं. त्या काय बोलल्या असतील ते आता कळतं. चांगल्या बाई आहेत. पेटी विकली ती जागेसाठी नव्हे. भात्यातून हवा येते ती हाताला लागते आणि पुढे काही नाही, हे सोसेना.

तुझ्यापासून लपवायचं असं ठरवलं नव्हतं. पण तुझ्या पत्रांत मी गाणारी वसू होते. तुझी पत्रं मला पूर्ण ऐकू यायची. तेवढी एक जागा मला तशीच ठेवायची होती.

आमच्या अंगणातल्या कडुलिंबावर कोकीळ येऊन बसतो. चोच उघडतो, आत लाल दिसतं, चोच मिटतो. मी खाली उभी राहून बघते. तू विचारलंस, आवाज कुठे आहे. मी तरी दुसरं काय विचारत होते?

आणि नदीचं म्हणशील तर ती माझ्या कानात आहे. अखंड पाणी वाहिल्यासारखं होतं, दिवसभर. सुरुवातीला मी नळ बंद करायला उठायचे. हरवलेल्या नदीचं गाणं मी कसं लिहू? माझी नदी हरवतच नाही, बाकी सगळं हरवतं.

गोपीनाथरावांनी कागदावर काय लिहिलं ते खरंच आवडलं नव्हतं. पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

तुझी वसू

*

भोपाळ,
३ जुलै १९५७

प्रिय वसू,

उत्तर लिहायला बसले आणि कागद फाडत राहिले. सांत्वन करू लागले की ते मलाच खोटं वाटायचं, आणि स्वतःला बोल लावू लागले की त्यात तू कुठेच नसायचीस. म्हणून झालं ते सरळ सांगते.

गाणी काढलेली गोष्ट अच्युतरावांनी वाचली. त्यांचं पत्र आलं. लिहितात, "कथा सुटसुटीत झाली. पण ही मुलगी नदीसाठी एवढा जीव का टाकते, ते आता समजत नाही. आधीच्या प्रतीत समजत होतं. कुठे सांगितलं होतं ते शोधलं, सापडत नाही." बिचारे गोंधळून गेलेत. कुठेच सांगितलेलं नव्हतं, वसू. दोन पोरी अंधाराच्या गायीला पाणी पाजायला निघाल्या होत्या, एवढंच होतं. गाणी परत घातली आहेत आणि दिवाळीपासून ते तशीच छापणार आहेत.

पाखराचं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. धुकं थोडं पातळ केलं. रानात कोणताच आवाज उरलेला नाही, त्यामुळे जे हाकेच्या आधाराने निघाले ते सगळे वाट चुकलेत. सावनी चोचीतल्या लाल फुलाकडे बघत जाते आणि नेमकी बाहेर पडते. मागच्या सगळ्या प्रकरणांत मी तिला ऐकायला लावत होते. ती बघणारी मुलगी आहे हे मला तुझ्या ओळींनी सांगितलं होतं, आणि मी तुलाच विचारत बसले की तू वाचतेस ना.

स्टेशनवर मी काय ओरडत होते ते खरंच आठवत नाही. बहुतेक लोणच्याच्या बरणीबद्दल असावं. तुझं ऐकायचं राहून गेलं असं काही त्यात नव्हतं.

नदीचं गाणं मी लिहून पाहिलं. वाईट झालं. माझी नदी नकाशातली झाली. तुझ्या कानात आहे ती पाठव.

गणपतीला ये. पेटीशिवाय ये.

तुझी लीला

*

नागपूर,
२७ जुलै १९५७

प्रिय लीले,

हे पाठवते. बरं झालं आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. मी म्हणून बघते तेव्हा गळ्याला हात लावून बघते.

पाणी वाहते वाहते, काठ मागे राही,
काठावरच्या पायरीला आठवणच नाही.
सांग सांग गे नदी, माझे गाव कोणते?
ओंजळ जिथे भरशील पोरी, तेच गाव, तेच ते.

गणपतीला येते. हे सोडायला येतील. माझ्याशी ओरडून बोलू नका, कुणीच. समोर उभं राहून सावकाश बोला. आणि मला पहिल्या रांगेत बसव, गाणाऱ्या मुलींची तोंडं दिसतील अशी. काही कळलं नाही तर निदान रंग बघेन.

तुझी वसू

*

नागपूर,
१२ सप्टेंबर १९५७

प्रिय लीले,

सुखरूप पोहोचलो. इटारसीला गाडी बराच वेळ थांबली, ह्यांनी फलाटावरून भजी आणली. सबंध वाटेत ह्यांनी पान खाल्लं नाही. तोंड मोकळं ठेवून माझ्याकडे बघून बोलायची सवय करताहेत. चेहरा फार गंभीर होतो, मला हसू येतं.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तू मला विचारलंस, "कसं झालं?" आणि मी काही न बोलता आत कांचनकडे गेले. तू घाबरलीस ते मी पाहिलं. गर्दीत सांगता आलं नसतं म्हणून आता सांगते.

दाराचं गाणं मला कळलं. मुली पाय आपटत होत्या, रंगमंचाच्या फळ्यांचा हादरा माझ्या खुर्चीपर्यंत येत होता. पाखराच्या वेळी तू सगळ्यांना आवाज न करता नुसती तोंडं उघडायला लावलीस. माझ्या शेजारच्या बाई वळून ह्यांना काहीतरी विचारत होत्या, मागचे लोक माना उंच करून बघत होते. आवाज कुठे गेला ते त्यांना कळेना. त्या सबंध मंडपात त्या वेळी एकटी मीच गोंधळलेली नव्हते.

मग नदीचं गाणं. मी ओठ वाचत होते, शब्द माझेच, त्यामुळे पुढचा कोणता येणार ते ठाऊक होतं. "सांग सांग गे नदी" पर्यंत बरोबर आलं. पुढे "माझे"ला ओठ मिटलेले हवेत. तर सगळ्यांची तोंडं उघडी. आणि मग मिटली. मला वाटलं माझंच बघणं चुकलं. दुसऱ्यांदा आली ओळ, तेव्हाही तसंच. कुणीतरी माझा शब्द बदलला होता, एकीने नव्हे, साऱ्यांनी मिळून, आणि काय केला ते मला कळत नव्हतं. खरं सांगते, मला राग आला. ऐकू येत नाही म्हणून माझ्या ओळीत कुणी हात घालावा, असं मनात आलं.

म्हणून आत गेले. कांचनला समोर उभं केलं आणि विचारलं, "तिथे काय म्हणालात?"

ती आधी घाबरली. मग तू शिकवलंस तशी माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली, "मावशी, शकीलाने विचारलं, माझे म्हणजे किसका? मी म्हटलं, सावनीचं. तर ती बोलली, मग आपण सगळ्या कशाला गातोय? इंदूरवाली म्हणाली माझं गाव इंदूर, एक म्हणाली ग्वाल्हेर, मी म्हटलं नागपूर. झगडाच झाला. मग आम्ही 'आपुले' केलं."

"आईला विचारलंत?"

"नाही. तिला कळलंच नाही."

शकीला तिच्यामागे उभी होती, नदीचा निळा पदर अजून अंगावर. मी तिला म्हटलं, "पुन्हा म्हण." तिने म्हटलं. मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. "आपुले"ला ती जरा थांबते, तिथे गळा थरथरतो.

मी तो शब्द कधीच लिहिला नसता, लीले. मला सुचलाच नसता. घर सोडून कुणी गेलं असेल तर तुम्ही, मी होते तिथेच आहे, तरी सबंध वर्षभर मी "माझे, माझे" करत बसले होते.

अच्युतरावांकडे प्रत जायची असेल तर त्या ओळीत दुरुस्ती कर. "माझे" काढ, "आपुले" घाल. छापून आलं की एक अंक शकीलाच्या घरी दे. तिला वाचता येणार नाही, कांचन वाचून दाखवेल.

पुढच्या प्रकरणात गाणं कुठे हवं ते कळव.

तुझी वसू